फिंजान हलवला की

तीन रात्री राहून गेला एक जण
आणि विमानात बसायच्या आधीच लिहून मोकळा झाला:
दोन तारे.
घर थंड. पडदे पातळ.
पहाटेची अजान थेट कानात.
चार कप, त्यातल्या एकाचा टवका उडालेला.

कपाचं खरं आहे.
देवरुखहून आणलेला, टाकवत नव्हता.
चूक माझी; भाड्याच्या खोलीत
आपली माया मांडून ठेवू नये.

बाकीचं वाचून मात्र कानशिलं तापली.
रास अल खैमात, ऑगस्टात,
घर थंड असल्याची तक्रार!

दिगंबर म्हणाला, लिही.
लिही की एसी सोळावर ठेवून महाशय दिवसभर गायब,
लिही की कलिंगडाची सालं ओट्यावर, माश्यांना आवतण,
लिही की समोरची मशीद काही आम्ही बांधली नाही.
त्याची तीस वर्षं जहाजांच्या गोदीत गेली,
तिथं साधं 'हो' सुद्धा
हातोड्यांच्या वर आवाज काढून म्हणावं लागतं.

भाचा म्हणाला, चोवीस तासांत, दोन ओळी, आभार आधी.
गप्प बसलीस तर कबुली धरतात, मावशी.

लिहिलं. खोडलं.
आभार लिहिले, ते शेजारून उसने आणल्यासारखे दिसले.
खुलासा लिहिला, तर नळावरचं भांडण:
जाणारे-येणारे थांबून बघतायत
आणि चढलेला आवाज माझाच.

घरमालकीण उम्म सुहैल खालच्या मजल्यावर राहते.
तिला वाचून दाखवलं, माझ्या मोडक्या अरबीत.
तिनं गहवा ओतला. प्याले. पुन्हा ओतला.
तिसऱ्यांदा मी फिंजान दोन बोटांत हलवला,
म्हणजे पुरे.
"बघ," ती म्हणाली,
"मी विचारलं का तुला, का पुरे?"

खरंय.
पण तिच्या मजलिसीत पुढचा पाहुणा
आधीच्याचं उष्टं फिंजान निरखून आत येत नाही.
माझ्याकडे तसाच येतो.

आणि एक गोष्ट मी दिगंबरला सांगितली नव्हती.
कचऱ्याच्या पिशवीत, सालांच्या खाली,
इस्पितळात भेटायला येणाऱ्यांच्या छातीवर लावतात
ते चिकट बिल्ले सापडले होते मला.
चार. मुलांचा विभाग.
तारखा दोनच.
तिसऱ्या दिवसाचा बिल्ला नव्हता.

बरं वाटून घरी नेलं असेल.
असेलच.

हे लिहिलं असतं तर मी जिंकले असते.
लोकांनी वाचून मान हलवली असती,
दोन तारे त्याचे त्याच्याच पदरात पडले असते.
पण झाकलेली मूठ त्याची होती;
चादरी बदलणाऱ्या बाईनं
तिची बोटं मोजू नयेत.

मग उत्तर कुणाला द्यायचं?

रात्री दोन वाजता कुठल्याशा विमानतळावर
खांद्यावर झोपलेलं मूल, पायाशी बॅग,
कोणी तरी अंगठ्यानं घरं वर सरकवत असेल.
त्याला आमचं भांडण नको. आभारही नकोत.
उजाडल्यावर डोळ्यांवर ऊन येईल का,
एवढंच विचारायचं असेल त्याला.

त्याच्यासाठी लिहिलं:
पडदे जाड लावले.
कप आता सहा, सगळे धड.
मशीद समोरच आहे, पहाट लवकर होते.
एसीचं बटण दाराशी;
मी चोवीसवर ठेवून जाते.

दिगंबरनं चष्मा काढला, परत घातला.
"ह्यात उत्तर कुठंय?"

टवक्याचा कप हल्ली माझ्या ओट्यावर असतो.
चहा पिताना ओठ
तेवढी एक जागा चुकवतात,
न बघता.