उणे दोनशे चाळीस

ज्याला विचारायचं त्या वस्तूचं नाव नॅव्हिगेटर.
म्हणजे तांडेल.
महाप्याला चौथ्या मजल्यावर, नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात
मी एकटीच हसले होते.

दिवाळ्याच्या धक्क्यावर बाबा अंधारात उभे राहायचे,
नुसत्या आवाजावर सांगायचे:
"करंजाची हाय. तीन शिलिंडरची.
त्यातला एक खोकतो."
होडी लागायची. करंजाचीच असायची.

मी आता तेच करते, पगारावर.
कोपरखैरण्याच्या एका लॅबचं पान,
रक्ताचे, लघवीचे, साखरेचे रिपोर्ट.
आकडे दिसायच्या आधी
माझ्या अकरा ओळी पाहुण्याच्या फोनात उतरतात
आणि हळूच विचारून घेतात:
भाषा कुठली, पडदा किती रुंद,
बोट की माऊस, घड्याळ कुठल्या गावचं.

नाव विचारलं की मात्र सगळे थापा मारतात.
क्रोम म्हणतो मी मोझिला,
सफारी म्हणते मी मोझिला,
पुढे प्रत्येकाची लांबलचक वंशावळ.
कुठल्याशा जुन्या दाराने एकदा
आडनाव बघून आत घेतलं होतं,
तेव्हापासून कुणी ते आडनाव सोडलेलं नाही.
म्हणून मी नावावर जात नाही.
काय काय येत नाही ते बघते,
त्यावरून वय कळतं.

घड्याळाचं उत्तर मिनिटांत येतं, आणि उलटं येतं:
आपण पुढे असलो की उणे.
ऐरोली, बेलापूर, कळवा, अख्खा देश
उणे तीनशे तीस.
पानंच्या पानं, उणे तीनशे तीस.

आणि मार्चपासून रोज रात्री एक ओळ,
उणे दोनशे चाळीस.
मस्कत असेल. नाहीतर दुबई.
भाषा मराठी. रुंदी तीनशे वीस.
फोन इतका जुना की त्याला
अर्ध्या गोष्टी समजतच नाहीत.
आमच्या पावणेदोनला येतो, तिथे सव्वाबारा.
ड्युटी सुटत असेल.
कुणाचा रिपोर्ट, ते मला दिसत नाही,
ती किल्ली डॉक्टरांकडे.
चाळीस सेकंद थांबतो. जातो.

सोमवारी टेंभेकर म्हणाले, जुने फोन बंद करू,
एक टक्कासुद्धा नाहीत.
मी अट लिहिली. ज्याला हे येत नाही, तेही येत नाही,
त्याला दारातच सांगा:
कृपया आपला ब्राउझर अद्ययावत करा.
अद्ययावत.
हा शब्द तीनशे वीसमध्ये
एका ओळीत मावतसुद्धा नाही.

मग खाली आणखी एक अट घातली.
भाषा मराठी असेल, घड्याळ उणे दोनशे चाळीस असेल,
तर येऊ द्या.
शेजारी टिपण लिहिलं, जे यंत्र वाचत नाही:
करंजाची हाय.

टेंभेकरांनी विचारलं, हे काय?
म्हटलं, टेस्टिंग.

गुरुवारी ती ओळ आली नाही.
शुक्रवारीही नाही.
नवा फोन घेतला असेल.
रिपोर्ट चांगला आला असेल, मग कोण कशाला बघतंय.
किंवा विमानात बसून इकडे आला असेल,
आणि आता माझ्या त्या पानांमध्ये कुठेतरी
उणे तीनशे तीस झाला असेल,
सगळ्यांसारखा, ओळखू न येणारा.

बाबांना सांगितलं.
त्यांना हल्ली डाव्या कानाने ऐकू येत नाही.
म्हणाले, "मंग? लागली का धक्क्याला?"

अट अजून तिथेच आहे.
ओळ सत्तेचाळीस.