नखं

यंग्सटाउन, ओहायो. दर गुरुवारी दुपारी
मी एमिल ह्रुष्काची नखं कापते.
कोमट पाणी, टॉवेल, छोटी कात्री
आणि माझ्या मांडीवर त्याचा उजवा हात,
सुंठेच्या गड्ड्यासारखा,
पेरं नको तिथे वळलेली.
मिरजेला शिकताना हाडांच्या वॉर्डात
पुष्कळ हात पाहिले मी.
एकाच कामानं इतका मोडलेला नाही पाहिला.

कॅचर होता. आपला यष्टिरक्षक म्हणा,
पण सदा उकिडवा. खालच्या लीगमध्ये नऊ वर्षं,
अठ्ठेचाळीस ते सत्तावन्न.
रातभर बस, जेवणाला दिवसाचे दीड डॉलर.
हे बोट विलिंगला गेलं, म्हणतो,
हे इरीला, आणि हे कुठं ते आठवत नाही,
त्या रात्री आम्ही जिंकलो होतो.

मांड्यांच्या आडून खुणा करायच्या:
एक बोट म्हणजे सरळ, जोरात,
दोन म्हणजे वळणारा.
पण त्या मैदानांवरचे दिवे इतके मिणमिणते
की पिचरला बोटं मोजता येईनात.
तेव्हा व्हिल्मानं आपली नेलपॉलिशची बाटली काढली
आणि नवऱ्याची चार नखं लाल केली.
खोलीत शिट्ट्या. लग्न कधी, कुणी विचारलं.
चेंडू मात्र हवा तिथे येऊ लागला.

त्रेपन्नच्या ऑगस्टात वरून बोलावणं आलं.
मोठा संघ, त्यांचा कॅचर आजारी.
रात्रीच्या गाडीत, संडासात उभं राहून
ह्यानं ब्लेडनं सगळा रंग खरवडला.
"तिथे दिवे चांगले असणार ना,"
मला म्हणाला. आणि बऱ्याच वेळानं,
"खोटं. लाज वाटली."

सामना दुपारचा निघाला.
सातव्या डावात स्टँडची सावली
सरकत सरकत ह्याच्या गुडघ्यांवर आली.
ह्यानं दोन दाखवली, तिकडून एकच दिसलं.
वळणाची वाट बघत राहिला,
चेंडू सरळ आला, बोटाला चाटून मागच्या भिंतीला.
तिसऱ्या बेसवरचा माणूस अक्षरशः चालत होमला पोचला.

सोमवारी परतीचं तिकीट.
व्हिल्मानं काही न विचारता बाटली उघडली.

जाडजूड नोंदवहीत त्याच्या नावापुढे
बारीक टायपात एक ओळ आहे:
सुटलेले चेंडू, एक.
ते पान त्यानं नाही, मुलीनं दाखवलं मला.

आज कात्री पुसताना म्हणाला, रंग आहे का?
पर्समध्ये होता, कुणाच्या तरी बारशाला घेतलेला,
डाळिंबी, घट्ट झालेला.
चार नखं. फुंकर मी घातली.
मग खिडकीबाहेरच्या पार्किंगकडे बघत
त्यानं हात मांड्यांमध्ये नेला.
तीन बोटं.

तिनाचा अर्थ त्यानं कधी सांगितला नव्हता.
मी मान डोलावली.