ढवळे बिल्डिंगचा टक्का

सकाळी पावणेआठला शाळेच्या फाटकापाशी
ढवळे बिल्डिंग पुन्हा उभी राहिली.
पाडून सहा वर्षं झाली तिला,
मतदार यादीला कुणी कळवलेलं नाही.

यादीत आम्ही अजून घोडपदेवलाच राहतो,
खोलीवार, जिन्याच्या क्रमाने.
म्हणून रांगेत माझ्यापुढे बावीसचे घाग, बदलापूरहून,
मागे चोवीसची प्रमिला, वसईहून, डोळ्यांत झोप,
आणि मधे मी, टिटवाळ्याहून, डबा न करता आलेली.

"पन्नास तरी होईल," घाग म्हणाले.
"मुंबईत? सोमवारी? जोडून सुट्टी आली आहे.
अर्धी मुंबई लोणावळ्याला भजी खातेय,"
असं रजब मुकादम, खोली एकतीस,
जे स्वतः गुडघ्याला पट्टा बांधून मुंब्र्याहून आले होते.

पैज लागली. मुंबईवर नाही, बिल्डिंगवर.
एकशे बारा नावं, किती येतील?
घाग साठ. मुकादम चाळीस.
हरेल त्याने सगळ्यांना कुल्फी.

निकालाचंही बोलून झालं.
कुणी म्हणे हवा आहे.
कसली हवा, शाळेच्या पिंपळाचं पान हलत नव्हतं.
कुणी म्हणे यंदा अंडरकरंट आहे.
म्हामूणकर, तीस वर्षं विजेच्या खांबांवर काढलेले, म्हणाले,
"करंट आहे की नाही ते हात लावल्याशिवाय कळत नाही,
आणि कळल्यावर सांगायला माणूस उरेलच असं नाही."
रांग हसली. पोलीसही हसला, मग आठवून गंभीर झाला.

कुणाला दिलं, हे कुणी कुणाला विचारलं नाही.
एका नळावर वीस वर्षं भांडलेली माणसं,
सगळ्यांचं सगळ्यांना माहीत होतं.
फक्त प्रमिला आत गेली ती बराच वेळ बाहेर येईना,
तेव्हा घाग बोटांवर काहीतरी पुन्हा मोजू लागले.

मत देऊन घरी जायचं असतं.
कुणी गेलं नाही.
शंभर मीटरच्या चुन्याच्या रेघेपलीकडे,
बंद गॅरेजच्या सावलीत वर्तमानपत्रं अंथरली.

तिथेच टेबलाशी एक पोरगेला कार्यकर्ता,
येईल त्याच्या नावावर पेन्सिलीची रेघ.
"खोत दत्ताराम विठोबा, वय एक्याऐंशी. हे येणारेत का?"
खोतांना जाऊन तिसरं वर्ष.
कुणीच बोलेना. मग मुकादम म्हणाले,
"ते उशिरा येतात."
पोराने नावापुढे टिंब दिलं.

दुपारी कुणाच्या तरी मोबाईलवर
गार स्टुडिओतली मुलगी सांगत होती,
मुंबईकर उदासीन.
प्रमिला पदराने वारा घेत होती, ती थांबली.
"कोण गं?" म्हणाली.

सहाला फाटक लागलं.
सत्तेचाळीस.
"हरलात," मुकादम.
"थांबा. गेलेले एकोणीस वजा करा.
जे नाहीतच त्यांना धरून टक्का कसा काढता?
त्र्याण्णवात सत्तेचाळीस. पन्नासच्या वर जातो.
मी सकाळीच म्हटलं होतं."
"नाव आहे तोवर माणूस धरायचा, घाग.
यादी वाचा. खोत आहेत, तुमची वहिनी आहे,
माझी अम्मी आहे. सगळे आहेत. आले नाहीत, एवढंच."

घागांनी बराच वेळ चष्मा पुसला.
कुल्फीचे पैसे दोघांनी अर्धे अर्धे दिले.

निकाल चार तारखेला.
कोण येणार, यावर मी पैज लावलेली नाही.
पत्ता बदलायचा आठ नंबरचा फॉर्म
तीन वर्षं माझ्या पर्समध्ये आहे,
टिटवाळ्याचा पत्ता, पिनकोड, सही, सगळं भरलेलं.
तारीख तेवढी घालायची राहिली आहे.