मागची पंगत

साक्रीच्या पुढे टायर गेलं.
इरफान जॅक घेऊन मागे थांबला
आणि मी शेवटचे दोन किलोमीटर चालत आले,
काखेत एकशे चौदा शब्दांची यादी.
वरून आलेली पुस्तिका होती,
तिच्यातले शब्द गावाला कळतील असे करायचे.
शब्दाला सात रुपये, प्रवासखर्च वेगळा.

'दरडोई'वर मी आधीच खूण केली होती,
सोपा आहे म्हणून.
पण टँकरकडून तिघी जणी येत होत्या
आणि डोई कुणाची, ते लांबूनच दिसत होतं.
सरासरी काढली
तर वरच्या आळीतल्या शेततळ्याचं पाणीही
त्यांच्या हंड्यांत येतं.
कागदावर.
मान सरासरीने अवघडत नाही.

शाळेच्या ओट्यावर सुपडू आप्पा.
तीस वर्षं पाटकरी.
त्यांनी काठीने धुळीत पांझरा काढली,
तिच्यावर बंधारा, बंधाऱ्यातून पाट,
पाटाखाली चार फड.
"पाणी कमी त्या साली एक फड कोरडा.
प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात,
म्हणून कोरड सगळ्यांच्या वाट्याला.
भांडणं थोडी."
थोडी?
"डोकी फुटायची की.
पाट कधी कुणी फोडला नाही."

मी विचारलं, शाश्वत म्हणजे काय म्हणाल तुम्ही?
त्यांनी शब्द सुपारीसारखा तोंडात घोळवला
आणि परत केला.
"पुरस तितलंच लेवानं, माय. आखो काय?"

मी लिहिलं: पुरणे.
आणि पेन थांबलं.
पुरणं म्हणजे भागणं,
पुरणं म्हणजे मातीआड करणंही.
पलीकडे डाळिंबात
सातशे फूट खोल पुरलेला पाइप आहे,
त्याचं पाणी पुरत नाही
म्हणून शेजारी आणखी एक पुरलेला.
पहिल्या दोन बोअरबद्दल आप्पा बोलले.
तिसरी त्यांच्या नातवाची, भटूची.
तेव्हा काठीचं टोक फडांवरून फिरलं,
रेघा गेल्या.

जेवण वैजंताबाईकडे.
कळण्याची भाकरी, भरीत, कांद्याची पात.
पान नऊवर 'वृद्धी' होती,
तिच्यापुढे मी सकाळीच लिहून टाकलं होतं: वाढ.
आणि ही बाई दुरडी कमरेला लावून उभी,
विचारते, "वाढू?"
तिच्याकडे हा शब्द
आपल्या हातातून निघतो, दुसऱ्याच्या ताटात पडतो.
पुस्तिकेत तो नुसताच वर जात होता,
आलेखाच्या रेघेवरून, एकटा.

मी आडवा हात धरला. पुरे.
तिने अर्धी टाकलीच.
खान्देशात पहिलं पुरे कुणी ऐकत नाही.
दुसऱ्या पुरेला मात्र ती थांबली,
दुरडीत वाकून पाहिलं,
भाकऱ्या मोजल्या, न उचलता,
नुसत्या कडांवरून बोट फिरवत.
"सून. दोन्ही पोरी. दळणाला गेलेली सासू.
आणि तुमचा डायवर? तो जेवला नसेल ना?"

मी त्याला विसरले होते.

पान बावीस, 'भावी पिढ्या'.
तिथे लिहिलं: मागची पंगत.
मग वाटलं, खोडावं. फारच छान दिसत होतं,
आणि दोन शब्दांचे चौदा रुपये
कुणी मंजूर केले नसते.
'शाश्वत'ची जागा अजून कोरीच,
तिच्यावर भरताच्या तेलाचा एक डाग.

इरफान आला तेव्हा ऊन कललं होतं.
हात ग्रीसने काळे, कोपरापर्यंत.
झाकून ठेवलेलं ताट आलं.
वैजंताबाईने भरलेला तांब्या पुढे केला.
त्याने तांब्याकडे पाहिलं,
मग दारातल्या हंड्याकडे.
म्हणाला, "ठेवा, मावशी. आधी मातीने घासतो,"
आणि अंगणाच्या कडेला उकिडवा बसून
कोरडी माती हातांवर घेत
बराच वेळ घासत राहिला.