रुमाल दोन ने

शिर्के, मला सिनेमातलं काही कळत नाही, तुला ठाऊक आहे.
मी झोपायला जातो. गार हवा, अंधार,
आणि कुणी 'साहेब, एक बर्थ बघा ना' म्हणत नाही.

त्या दिवशीही तसाच गेलो.
रावपुऱ्यात हिचा चष्मा करायला टाकला होता,
दुकानदार म्हणाला, बे कलाक लागशे.
मारामारीच्या सिनेमाची तिकिटं संपलेली.
शेजारच्या पडद्याचं मागितलं
तर खिडकीतल्या पोरानं दोनदा विचारलं,
काका, नक्की?

आत आम्ही अकरा जण. मोजायची सवय जात नाही.

गोष्ट सांगतो, शेवट नाही सांगणार.
कुठल्याशा थंड मुलखातलं स्टेशन.
भाषा परकी, खाली अक्षरं पळतात.
हरवलेल्या सामानाच्या खोलीत एक कारकून,
टकला, स्वेटरला कोपरावर भोक,
आपल्या देशमानेसारखा एक पाय ओढत चालणारा.
त्याला डब्यात एक कवळी सापडते.
हो, दातांची. फडक्यात गुंडाळलेली.
मी हसलो. तूही हसशील.
नियम असा, नव्वद दिवस ठेवायची, मग फेकायची.
नव्वदाव्या दिवशी तो रजेचा अर्ज लिहितो.

बस, एवढंच.
एक माणूस कवळी घेऊन गावोगाव हिंडतो.
बंदूक नाही, गाणं नाही,
दारं वाजवतो, लोक लावून घेतात.
एक बाई मात्र त्याला आत घेते,
बूट चिखलाचे म्हणून खाली वर्तमानपत्र पसरते,
आणि तो पाय ठेवण्याआधी वाकून बघतो,
आपण कुणाच्या फोटोवर तर उभे राहत नाही ना.

तिथे काहीतरी झालं, शिर्के.
माझ्या तोंडात खारी शिंग होती.
दाणा तसाच राहिला दाढेखाली.

पुढे म्हातारा सापडतो.
पण तीन महिने तोंड रिकामं, हिरड्या बसलेल्या.
कवळी आता त्याला लागतच नाही.
कारकून काही बोलत नाही. खिशातून चाकू काढतो,
टेबलावरचं सफरचंद उचलतो
आणि कापत बसतो, पातळ,
इतकं पातळ की फोडीतून खिडकी दिसावी.
पाच मिनिटं नुसतं तेच. खरंच तेच.
चाकूचा आवाज, आणि म्हाताऱ्याचं वाट बघणारं तोंड.

एकतीस वर्षं मी ऐकत आलोय,
आई दवाखान्यात आहे, पाकीट मारलं, खिडकी बंद होती.
पावती फाडत आलोय.
चुकलं असं म्हणत नाही. नियम आहे तो.
पण दाहोदच्या अलीकडे एकानं
धोतराच्या गाठीतून चिल्लर काढून दंड भरला होता,
तेव्हा मी नाणी मोजत होतो.
आता त्याचा चेहरा आठवायला जातो
तर नाणीच आठवतात. एक त्यात घासलेलं होतं,
ते मी परत केलं, बदलून द्या म्हणालो.

दिवे लागले तरी कुणी उठेना.
मांडीवर हेल्मेट घेतलेला एक पोरगा
हेल्मेटच्या आतच बघत बसला होता.
मागच्या रांगेतून कुणी बाई म्हणाली, भाई, रुमाल छे?
दिला. घेऊन गेली ती.
मी सूरसागरला दोन चकरा मारल्या, उगीच,
चष्म्याचं दुकान बंद झालं,
आणि ही दोन दिवस बोलली नाही.
काय सांगणार होतो तिला?
सफरचंद कापताना बघत होतो म्हणून?

तर तुझी रविवारी रात्रपाळी, दुपार मोकळी आहे.
अकरा माणसांवर कोण चालवतो, काढून टाकतील लवकरच.
जा. वहिनींना नंतर ने, आधी एकटा जा.
सुरुवातीला कंटाळा येईल, घड्याळ बघशील,
बघ. पण उठू नकोस.
आणि रुमाल दोन ने.