ओळ दोनशे चौदा

विनिपेगमध्ये कोण किती वेळ खुर्चीत बसलं
हे मी मोजतो
तळघरातल्या टेबलावरून,
शेजारी कपडे धुण्याचं यंत्र, पायात लोकरीचे मोजे.
मला ऑफिसात यायची सक्ती नाही.
मी कंत्राटी. माझी हजेरी कुणी मांडत नाही.

मंगळवार, बुधवार, गुरुवार, असा हुकूम आहे.
दारावर कार्ड टेकलं की माझ्या तक्त्यात
एक चौकोन हिरवा होतो.
नाही टेकलं तर लाल.
सोमवारी मी लालांची यादी ट्रेंटकडे धाडतो,
तो वर 'सोबतीची ऊब' असलं काहीतरी लिहितो
आणि पत्रं सुटतात.

ओळ दोनशे चौदा : मार्लिस थॉरवाल्डसन.
राहणार गिमली, सरोवराच्या काठी,
जाऊन-येऊन पावणेदोनशे किलोमीटर.
वाहन अपघातांचे दावे तपासते.
मी तिला पाहिलेलं नाही, वेळा मात्र तोंडपाठ :
आत आठ बावन्न, बाहेर चार दहा.
एकदा फोनवर म्हणाली,
रात्री गाडीच्या इंजिनाला विजेची वायर जोडून झोपते मी,
नाहीतर उणे तिसात ती सकाळी खोकतसुद्धा नाही.
आणि पोचले की कानांवर हेडफोन चढवते
नि हॅलिफॅक्सच्या माणसाशी बोलते.
शेजारची डोना बोलते ब्रँडनच्या माणसाशी.
आमचं दोघींचं बोलणं मायक्रोवेव्हपाशी,
तेही 'झालं का गं तुझं?' एवढंच.

माझी बायको मारिविक
वृद्धाश्रमात रात्रपाळी करते.
म्हातारी माणसं घरबसल्या कुशीवर वळवता येत नाहीत.
ती या साऱ्याला हसते.
म्हणते, पोट भरलेल्यांची भांडणं तुमची.
मी वाद घालत नाही. तिची गाडीही त्याच बर्फावरून जाते.

जानेवारीतल्या एका बुधवारी दोनशे चौदा लाल.
यादी गेली. पत्र सुटलं.
पुढल्या मंगळवारी आत आठ बावन्न,
आणि आठ चोपन्नला तिचा मेल :

'आठ नंबरच्या हायवेवर गाडी घसरली,
रस्त्याकडेच्या चरीत उतरली. मला काही झालं नाही.
टोइंगवाला तीन तास आला नाही.
धुराच्या नळीपुढचं बर्फ हातांनी उकरलं, इंजिन चालू ठेवलं,
फोनला रेंज होती, लॅपटॉप मांडीवर.
अकरा दावे निकालात काढले.
बारावीतली बाई माझ्यापुढे तीन किलोमीटरवर घसरलेली,
तीही ऑफिसलाच निघालेली.
तिचा मी मंजूर केला.
माझा मला करता येत नाही, तसा नियम आहे, आणि बरोबरच आहे.
फक्त एक विचारायचं होतं :
त्या दिवशी मी कुठे होते
असं तुमच्याकडे लिहिलंय?'

तक्ता उघडला.
ऑफिस आहे. रजा आहे. आजारपण आहे. बाळंतपणसुद्धा आहे.
मी 'चर' असं टाइप केलं.
या रकान्यात हा शब्द चालत नाही, असं उत्तर आलं,
अगदी नम्रपणे.

ट्रेंटला विचारलं.
तो म्हणाला, लाल ठेव, एकीला सूट दिली की सगळे चरीत जातील.
मग स्वतःच हसला,
आणि हसलो हे लक्षात आल्यावर त्याने फोन ठेवला.

मारिविक सकाळी परतली,
बुटांवरचं रस्त्याचं मीठ पायपुसण्यावर झटकत.
तिला मेल वाचून दाखवला.
या वेळी ती हसली नाही.
कोट न काढताच यंत्राच्या झाकणावर बसली.
अकरा? तिने विचारलं.
अकरा.
मग कर ना हिरवं, म्हणाली,
तुला कुठे कोण मोजतंय?

मी दोनशे चौदावर आलो.
तिच्या खालच्या यंत्राने तेवढ्यात
धुणं पिळायला घेतलं,
टेबल थरथरायला लागलं, पडदा, माझा हात,
आणि तो बारका बाण
हिरव्या-लालच्या मधल्या रेघेवर
कितीतरी वेळ
कुठेच टेकेना.