बंद नळी

मे महिना. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत
बर्फाचं निम्मं पाणी.
गुंडेटी मॅडमनी नळी खिडकीकडे धरली:
आत तपकिरी वायू, काळ्या चहाचा रंग.
"जोड्या सुटल्यात," म्हणाल्या,
"सोलापूरच्या उन्हात कोण कोणाला धरून बसतंय?"

बर्फात बुडवली. रंग ओसरत गेला,
सगळा नाही.
मी मागच्या बाकावरून विचारलं,
थांबलं का आता?

नरसय्या बीकर पुसत होता.
गिरणीत वीस वर्षं रात्रपाळी, उजवा कान मागांनी नेलेला.
"थांबत नाही ते, पोरा.
जेवढे सुटतात तेवढेच जुळतात.
बघणाऱ्याला वाटतं, झोपलंय."
मग जरा वेळाने, बीकर उपडा ठेवत:
"धोटा जायचा-यायचा, तर निदान
बोट बोट चादर तरी वाढायची."

मॅडमनी फळ्यावर दोन बाण काढले,
एकाखाली एक, उलट्या तोंडांचे.

नळीचं तोंड नरसय्यानेच वितळवून मिटवलेलं,
माझ्या जन्माआधी.
तो गेला. नळी कपाटात आहे.
डिसेंबरच्या पहाटे जरा फिकी,
आणि आत्ता, दुपारी दोनला,
कुलपाआड, कोणी हात न लावता,
गडद.